मेसवाल्या मावशी आणि ‘नको’चं बटण

आमच्या मेसवाल्या मावशींना ‘नको’ म्हणून ताटावरून उठलेला माणूस अजून लातुरात जन्मायचा आहे. पोट भरलं हे कारण त्यांच्या लेखी कारणच नाही. उपास असला तर त्या भगर वाढतात, पोट बिघडलं असलं तर मऊ भात वाढतात, आणि घाई असली तर माणसाला दारातच अडवून हातावर भाकरी-चटणी ठेवतात. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस एकदा धपाटे खाऊन, रीडिंग न घेताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि आपण रीडिंगसाठीच आलोय असं तीनतीनदा सांगत पाटावर बसला. मावशी मूळच्या उदगीरच्या, व्यापाऱ्याच्या घरातल्या. कपाळाला भस्म, कमरेला खोचलेला पदर आणि आवाज असा की क्लासच्या गल्लीच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाच्या होस्टेलातली पोरं हात धुवायला लागतात. डॉक्टर-इंजिनियर व्हायला गावोगावहून लातूरला आलेली ही पोरं-पोरी त्यांच्याकडे जेवतात, आणि मी मुरुडचा, पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाईलची ॲपं लिहिणारा, मेसच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. मावशींना आयुष्यात धास्ती एकच, ती म्हणजे आपल्याकडचं एखादं लेकरू उपाशी झोपेल याची.

क्लासच्या वेळा रोज बदलायच्या, पोरं न सांगता गायब व्हायची आणि उरलेल्या भाकऱ्यांचा ढीग बघून मावशींचा जीव तीळतीळ तुटायचा. म्हणून मीच एकदा हौसेने म्हणालो, की मावशी, तुम्हाला ॲप करून देतो. रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या मोबाईलवर प्रश्न येईल, ‘जेवायला येणार का?’ खाली दोन बटणं, ‘येणार’ आणि ‘नको’. ‘नको’ दाबलं की स्क्रीनच्या मधोमध एक चौकोन उघडेल, ज्याला आम्ही डायलॉग म्हणतो, आणि तो विचारेल, ‘तुमची खात्री आहे का?’ त्याखाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. मावशींनी पिठाचे हात पुसून मोबाईल घेतला, चौकोन बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “लेकरू जेवणार न्हाई म्हनायलंय, अन् तू खाली ‘ठीक हाय’ लिवायलास? त्यात ठीक काय हाय, सांग बरं.” इतकी वर्षं मी डायलॉग लिहितोय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी मुकाट्याने शब्द बदलले.

एवढ्यावर थांबल्या तर त्या मावशी कसल्या. पहिल्या चौकोनामागून दुसरा आला, ‘मग खाणार काय?’ त्यामागून तिसरा, ‘वडापाववर किती दिवस काढणार?’ त्यामागून चौथा, ‘आईला फोन लावू का?’ मी सांगून थकलो की चांगल्या ॲपमध्ये डायलॉग असे एकावर एक रचत नसतात, माणूस वैतागतो. “वैतागू दे की, वैतागला तरी जेवंल,” म्हणून त्यांनी मला पुढचा मजकूर सांगायला घेतला. आणि खरंच, चौथ्या चौकोनापाशी पोरं हात टेकून जेवायला यायला लागली. मग एका हुशार पोराला शोध लागला की चौकोनाच्या बाहेर कुठेही बोट लावलं तर चौकोन जातो, आणि ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या होस्टेलांत पसरली. मावशी जिना चढून वर आल्या. बाहेर बोट लावून पळायची ही वाट आजच्या आज बंद कर, असा त्यांचा हुकूम होता. मी म्हणालो, “मावशी, खिडकी कसलीही असो, तिच्यातून बाहेर पडायला वाट ठेवावीच लागते. आमच्या धंद्यातली ती माणुसकी आहे.” त्या दिवशी आमची जी जुंपली, ती ऐकायला स्वयंपाकाच्या बायका जिन्यावर येऊन बसल्या होत्या.

तोडगा निघाला तो बॉटम शीटचा. स्क्रीनच्या खालच्या कडेने एक पट्टी अलगद सरकत वर येते, मागचं सगळं थोडं दिसत राहतं, आणि नको असेल तर बोटाने खाली ढकलली की जाते. त्या पट्टीवर मी त्या दिवसाचा बेत टाकला आणि मावशींच्या हातात मोबाईल दिला. त्यांनी ‘नको’ दाबलं आणि खालून हळूच येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा वर आला. मावशींनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. “अगं बया, चुलीवरनं ताट वर आल्यावानी आलं की रे. परत आण.” मी परत आणलं. “आता हळू आण.” मी हळू आणलं. मग त्यांनी भाकरी थापणाऱ्या बायकांना बोलावून दाखवलं, भाजीवाल्याला दाखवलं, गल्लीतून चाललेल्या एका अनोळखी रिक्षावाल्याला थांबवून दाखवलं. तो बिचारा पत्ता विचारत होता. त्या संध्याकाळी मलाही इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. कंपनीत माझ्या शीट कुणी ढकलून देण्यापलीकडे कधी बघितल्या नव्हत्या. इथे एक बाई माझ्या शीटकडे लेकाचं बक्षीस बघावं तशी बघत होती.

पण मावशींच्या उत्साहाला उतार नसतो. दुसऱ्या एका ॲपमध्ये त्यांनी ओव्हरले बघितला, म्हणजे कुठलंही ॲप उघडं असलं तरी त्याच्यावर तरंगत राहणारा गोल. झालं, तसाच गोल आपला पाहिजे, त्यात आपला फोटो पाहिजे आणि खाली ‘भात निवायलाय’ पाहिजे. मी म्हणालो, दुसऱ्या ॲपवर असं दिसायला मोबाईलवाल्याची परवानगी लागते. “पोरांच्या डोक्यावर बसायला मला परवानगी?” असं म्हणत त्यांनी वाढतावाढता एकेकाचा मोबाईल मागून घेतला आणि आमटीच्या हातांनी परवानग्या दाबून घेतल्या, त्यात माझाही आला. परिणाम व्हायचा तोच झाला. एका पोराच्या सराव परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर मावशी येऊन बसल्या आणि हटेनात. क्लासच्या सरांचा फोन आला. तिकडे मी पुण्याच्या साहेबांना माझी स्क्रीन दाखवून मोठ्या ऐटीत नवं काम समजावत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून मावशी तरंगत आल्या. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, “भात कशाचा आहे?” ओव्हरले त्याच दिवशी काढला. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, वाढलं मात्र दुप्पट.

मग शीटवरच समाधान मानून आम्ही तिच्यात एक प्रश्न घातला, ‘का नको?’ उत्तरं तयार ठेवली, ‘पोट बिघडलंय’, ‘बाहेर खाल्लं’, ‘गावाला आहे’. मी सवयीने शेवटी एक आणखी जोडलं, ‘सांगायचं नाही’. त्यावरून पुन्हा वाद झाला. “न सांगायला जागाच कशाला देतोस?” मावशी म्हणाल्या. मी ती जागा सोडली नाही. महिनाभर तिला कुणी हातही लावला नाही. मग एका संध्याकाळी एका पोरीचं ‘नको’ आलं आणि कारणात ‘सांगायचं नाही’. ही माहूरकडची पोरगी, कोपऱ्यात बसून गुपचूप जेवणारी, एरवी रोज ‘येणार’ दाबणारी. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. मावशींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. “सांगायचं न्हाई म्हंजे सांगन्यासारखं काहीतरी हाय. गाडी काढ.”

मी स्कूटी काढली. मागे मावशी, त्यांच्या मांडीवर डबा. पोरीच्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. ती पुस्तकं गाठोड्यात बांधत बसली होती. “काहून आल्या मावशी? भूक नाही मला,” ती म्हणाली, “मी घरी जाऊन राहिले उद्या.” चाचणीत मार्क घसरले होते, क्लासने तिला खालच्या तुकडीत टाकलं होतं, आणि घरी हे सांगायची हिंमत होत नव्हती. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, तर मावशींनी मला हातानेच गप्प केलं. त्या गाठोड्याशेजारी बसल्या आणि डबा उघडला. “मार्काचं मला काय बी कळत न्हाई बाई. मी बी जेवले न्हाई अजून, अन् एकटीला घास जात न्हाई. तू उद्या जा, पन आता माझ्यासंगं बस.” पोरीने एक घास घेतला आणि मग डबा संपेपर्यंत ती रडत होती आणि जेवत होती. मी दाराशी उभा राहून उगीच मोबाईल बघत होतो, पण मला स्क्रीनवरचं काही दिसत नव्हतं. त्या रात्री तिने मावशींच्याच फोनवरून घरी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही, संध्याकाळी ‘येणार’ आलं.

ती पुढे परीक्षा देऊन, एका लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळवूनच लातूरहून गेली. जाताना मावशींनी दिलेल्या धपाट्यांच्या ओझ्याने एसटीत चढणं तिला जड गेलं. वर्ष संपलं तशी मी ॲपमधली गेलेल्या पोरांची नावं काढायला बसलो. तिच्या नावापाशी आलो तेव्हा मावशी मागे उभ्या होत्या. “तेवढं राहू दे,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, “मावशी, ती आता इथे जेवायला येणार नाही.” त्या पदराशी चाळा करत राहिल्या. “तिला म्हाईत हाय, मला बी म्हाईत हाय. मोबाईलला कशाला सांगायलास?”

मी नाव काढलं नाही. अजूनही रोज संध्याकाळी तिच्या मोबाईलवर ‘जेवायला येणार का?’ येतं, आणि इतक्या लांबून ती रोज उत्तर देते, ‘नको, बाहेर खाल्लं’. कधी तिला अभ्यासात उशीर होतो. त्या दिवशी सगळ्यांची ताटं उचलून झाली तरी मावशी मोबाईल मांडीवर घेऊन चुलीपाशी बसलेल्या असतात, आणि तिचं उत्तर आलं की स्वतःसाठी भाकरी काढून घेतात.