देवकाबाईच्या छपरीतला डबा

देवळीला बसस्टँडकडून आत वळलं की जिनिंगच्या मागं एक गल्ली लागते. तिथं कोणालाही विचारा, नेट बंद पडलं तर काय करता. कंपनीचं नाव कोणी घेणार नाही, तक्रारीचा नंबर तर कोणाला पाठही नाही. "देवकाकाकूकडं जातो," एवढंच सांगतील. आता या काकूंना नेटातलं काय कळतं म्हणाल, तर हरी हरी. फोन बटनांचा, तोही मुलाशी बोलण्यापुरता. पण गल्लीभराचा नेटचा डबा त्यांच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, टांगलेला होता. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

डबा लावला योगेंद्रनं. गावात केबल टाकणारा हा पोरगा गुणाचा, पण एकटा. तार ओढणार तोच, शिडीवर चढणार तोच आणि लोकांच्या शिव्या खाणारही तोच. गल्लीच्या मधोमध, चोवीस तास लाइट मिळेल असं एक घर त्याला पाहिजे होतं. "काकू, डबा लावू देता का? तुमची केबल फुकट," तो म्हणाला. देवकाबाईंनी डबा खालून-वरून पाहिला.

"रात्री बोंबलत तर नाई न हा?"

"नाई काकू, नुसते दिवे लुकलुकते."

"मंग लाव. पण देवाच्या फोटोपासून दूर लावजो."

झालं. खिळे ठोकले, तारा आल्या, तारा गेल्या, आणि छपरीतल्या बटनावर सगळ्या गल्लीचं नेट चालायला लागलं. देवकाबाईंच्या हिशेबी ती घरात आलेली आणखी एक वस्तू होती, फडक्यानं पुसायची.

घरात तशी पुसायला वस्तू कमी आणि माणूस एकच. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. वावर ठेक्यानं दिलेलं. मुकेश बुटीबोरीला कंपनीत, पोळ्याला आणि दिवाळीला येतो. बाकी वर्षभर फोनवर "जेवली का" विचारतो, आईनं "हो" म्हटलं की त्याचं समाधान होतं. देवकाबाई कामाला वाघ. झाडलोट, पूजा, स्वयंपाक, भांडी, सगळं सूर्य डोक्यावर यायच्या आत उरकून मोकळ्या. इथंच घोटाळा होता. दुपार उरायची. समोर गल्लीत कुत्रं झोपलेलं, घराघराची दारं लोटलेली, आत जो तो मोबाइलमध्ये मान घालून. पूर्वी बाया तूर निवडायला एकमेकींच्या छपरीत बसायच्या, आता तूर निवडूनच पाकिटात येते. बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून पायानं झोका घ्यायचा तरी किती घ्यायचा माणसानं.

पहिल्या वेळी खरंच चूक झाली. स्वयंपाकघरातलं बोर्ड जळालं होतं आणि जवसाची चटणी वाटायची होती, म्हणून देवकाबाईंनी मिक्सर छपरीत आणला, डब्याची पिन उपसली आणि मिक्सरची खुपसली. चटणी अर्धीही वाटून झाली नसेल, फाटक वाजलं. समोरचे प्रभाकरराव बनियनवरच आले, पंचायत समितीतून रिटायर झालेला माणूस, हातात मोबाइल. त्यांच्या मागं त्यांची बायको रुख्मिणी, नवरा खुर्चीतून उठून कुठं चालला ते पाहायला. शेजारची अंकिता कानात वायर घालून, तिच्यामागं तिची आई.

"काकू, नेट काऊन गेलं जी?"

"मले काय माईत बाप्पा," असं म्हणता म्हणता देवकाबाईंचं लक्ष पिनेकडं गेलं. त्यांनी मिक्सर बाजूला सारला, पिन लावली, दिवे लागले. "आलं, आलं," सगळे म्हणाले. आलेच आहेत तर चहा ठेवला. चटणी ताजी होती म्हणून भाकर आली. प्रभाकररावांनी ऑफिसातल्या साहेबांच्या नकला केल्या. रुख्मिणी म्हणाली, "मोबाइल नाई जी हा, सवत आणली यांनी घरात," आणि सगळे हसले. त्या दिवशी संध्याकाळ कधी झाली ते देवकाबाईंना कळलंच नाही.

दुसऱ्या वेळी मिक्सर नव्हता.

मी देवकाबाईंची बाजू घेत नाही, पण बाई नियमाच्या होत्या हे सांगितलंच पाहिजे. पोरांच्या परीक्षा असल्या की बटनाला हात नाही. संध्याकाळी अभ्यास आणि मालिका असतात, तेव्हा नाही. रविवारी प्रभाकररावांचा बेंगलोरचा नातू फोनवर दिसतो, तेव्हा तर नाहीच नाही. फक्त दुपारी, तेही फारच जीव घाबरला तर. शिवाय त्यांचं प्रामाणिक मत होतं की तेवढीच लोकांच्या डोळ्यांना विश्रांती. चांगलं काम आणि आपली सोय एकाच बटनात होत असेल तर कोण सोडेल?

मग रीतच पडून गेली. बटन खाली केलं की देवकाबाई बंगईवर डोळे मिटून पडायच्या. फाटक वाजलं की कण्हत उठायच्या. "कायले उठवता म्हातारीले," असं म्हणून डब्यावर हात ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "गरम झाला हा. बसा, थंडा होऊ द्या." डबा थंडा होईपर्यंत चहा गरम व्हायचा. कपबशा रिकाम्या झाल्या की पाठमोऱ्या उभ्या राहून बटन वर करायच्या. लोक म्हणायचे, काकूच्या हाताले गुण आहे. सिंदी मेघेहून कोणाचा तरी जावई आला होता, तो म्हणाला, आमच्याकडं तर तक्रार केली की आठवडा जाते, तुमची सर्व्हिस लय भारी आहे.

सर्व्हिस भारी होती, पण योगेंद्र मेटाकुटीला आला होता. त्याचा फोन वाजून वाजून तापायचा. बिचारा मोटरसायकलवर शिडी बांधून यायचा, तोवर नेट सुरू झालेलं असायचं. तो तार हातानं चाचपत गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कधी कापसाच्या गाडीनं तार ओढली असेल म्हणायचा, कधी माकडांवर ढकलायचा. माकडं होतीच, नाही असं नाही. त्यानं जोड बदलले, तार बदलली, एकदा तर डबाही नवा आणला. खाली उतरला की घामानं डबडबलेला. देवकाबाई त्याला चहा द्यायच्या, वर आलुबोंडा द्यायच्या. "लाइट गेलती का काकू दुपारी?" तो विचारायचा. "गेली असन," त्या म्हणायच्या, आणि तेवढं मात्र त्यांना खुपायचं. पोरगं घरच्यासारखं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपार परत तशीच आ वासून उभी राहायची.

अशात अंकिताचा इंटरव्ह्यू आला. पुण्याची कंपनी, वेळ सकाळची, आणि साहेब लोक घरबसल्या, कॉम्प्युटरवर बोलणार. पोरगी बी.कॉम. होऊन वर्षभर अर्ज करत होती. सकाळी देवकाबाईंनी स्वतः जाऊन तिच्या हातावर दहीसाखर ठेवली आणि जेवणं होईपर्यंत डब्यापुढून हलल्या नाहीत. आता झाला असन, असं मनाशी म्हणाल्या. पण साहेब लोकांचं सकाळचं काम लांबलं होतं, त्यांनी अंकिताला दुपारचं बोलावलं होतं. हे देवकाबाईंना कोण सांगणार?

दुपारी त्यांनी बटन खाली केलं. प्रभाकरराव आले, रुख्मिणी आली. अंकिता आली नाही. ती घरात मोबाइलची रेंज शोधत या खिडकीतून त्या खिडकीत धावत होती. गल्लीत रेंज कधीच धड नसते. चहा उकळत असताना तिची आई फाटकात येऊन उभी राहिली, पदर तोंडाला. "पोट्टी रडून राह्यली काकू. अर्ध्यातच बंद झालं." देवकाबाईंनी चहा तसाच सोडून बटन वर केलं. पण तिकडचे साहेब निघून गेले होते. त्या दुपारी कोणी चहा प्यायलं नाही.

गल्ली खवळली. दोनच दिवसांत दुसऱ्या एका कंपनीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून, रंगीत कागद वाटायला आला. प्रभाकररावांनीच बोलावलं होतं त्याला. बैठक कुठं? देवकाबाईंच्या छपरीत, दुसरीकडं कुठं. योगेंद्रलाही बोलावलं. तो भिंतीला टेकून उभा होता, कोणी बस म्हटलं नाही. सगळ्यांनी मिळून त्याला सोलून काढला. उद्यापासून तुझी तार काढून घे, असं प्रभाकररावांनी सांगून टाकलं. ही गल्ली गेली की बाजूच्या दोन्ही जातील, हे योगेंद्रला कळत होतं आणि देवकाबाईंनाही. त्याच्या घरी दोन लहान पोरं, आणि गावात केबलशिवाय दुसरं काम नाही.

"काकू, तुमीच सांगा याइले," योगेंद्र शेवटी म्हणाला. "डबा तुमच्या डोळ्यापुढं राह्यते. माह्या कामात खोट आहे का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. देवकाबाई बंगईवर होत्या. त्यांनी पाय जमिनीला टेकवून झोका थांबवला. गप्प बसलं तर पोरगं मरते, बोललं तर आपलं तोंड काळं.

"खोट नाई तुह्यात," त्या म्हणाल्या. "बटन मी बंद करतो."

कोणालाच नीट उमगलं नाही. "म्हणजे, चुकून?" प्रभाकररावांनी विचारलं.

"चुकून कायले. मुद्दाम. दुपारी."

मग रुख्मिणी उसळली. "काऊन पण? आमी काय घोडं मारलं तुमचं? त्या पोट्टीची नोकरी गेली न तुमच्यापाई."

"तिचा इंटरव्ह्यू झाला असं वाटलं मले. थे पाप माह्या माथ्यावर आहे, मी नाई म्हणत नाई." देवकाबाई कोणाकडं न पाहता बोलत होत्या. "जेवण झालं का घर खायले उठते मले. तुमी आले का बरं वाटते. नुसतं बसाले या म्हटलं तर कोण येते आता? नेट गेलं का सारेच येता."

प्रभाकररावांना उगाच खोकला आला. कंपनीवाल्यानं आपले कागद गोळा केले. अंकिता कोपऱ्यात उभी होती, ती निघून गेली, आणि तिच्यामागं एकेक करून बाकीचेही उठले.

योगेंद्रची गल्ली वाचली. डबा मात्र हलवायचा ठरला, समोर प्रभाकररावांच्या छपरीत. रुख्मिणीनंच पुढाकार घेतला, "आमच्याकडं सुखरूप राहीन," म्हणाली. योगेंद्र खिळे काढायला आला तेव्हा देवकाबाईंनी शिडी धरली.

"मले सांगतलं असतं काकू, तर मीच येत गेलो असतो."

"तुले टाइम कुठं आहे बाप्पा," त्या म्हणाल्या. "खाली पाहून उतरजो."

अंकिताला कंपनीनं परत बोलावलं आणि नोकरीही दिली. देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय. पेढे आले, पण तिच्या आईच्या हातून. अंकिता स्वतः आली नाही, तशीच पुण्याला गेली, आणि ते देवकाबाईंना फार लागलं. कोणाला दोष द्यायची सोय नव्हती. दुपारी त्या बंगईवर बसायच्या, समोरच्या छपरीतले हिरवे दिवे पाहायच्या आणि उठून उगाच परत एकदा ओटा पुसायच्या.

दिवाळी होऊन मुकेश परत गेला. वावरांत कापूस वेचणी लागली, गल्ली आणखीच सुनी झाली. अशात एका दुपारी अंकिताची आई रस्त्यावरून ओरडत गेली, "नेट गेलं व." पाठोपाठ दोघंतिघं प्रभाकररावांच्या फाटकात शिरले. थोड्या वेळानं हसण्याचा आवाज आला, कपबशांचा आला, मग नेट आलं. देवकाबाईंनी लक्ष दिलं नाही. दोन-चार दिवसांनी परत गेलं, परत दुपारीच. तिसऱ्या वेळी देवकाबाई बंगईवरून उठून छपरीच्या गजांशी आल्या. प्रभाकरराव खुर्चीत डुलक्या घेत होते, मोबाइल पोटावर. रुख्मिणी पदराला हात पुसत डब्याजवळ गेली, इकडंतिकडं पाहिलं, आणि डबा विझला.

देवकाबाईंना आधी राग आला. भर बैठकीत हिनंच मला घोडं मारल्याचं विचारलं. आता गल्ली गोळा करून हिचं भांडं फोडायला एक मिनिट लागलं नसतं. त्यांनी चप्पल पायात सरकवली, तरातरा रस्ता ओलांडला आणि पायरीवर जाऊन थांबल्या. आत रुख्मिणी ओट्यापाशी उभी राहून कप मांडत होती. अजून कोणीच आलेलं नव्हतं, तरी तिनं सगळ्यांचे मांडले होते. देवकाबाईंचा राग तिथंच बसला.

चाहूल लागून रुख्मिणीनं मागं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. देवकाबाई डब्याजवळ गेल्या, बटन वर केलं आणि पाटावर बसल्या.

"कायले लोकाईचं नेट बंद करतं व," त्या हळूच म्हणाल्या, प्रभाकररावांची झोप मोडू नये म्हणून. "दुपारी मले हाक मारत जा. मी घरीच राहातो."

रुख्मिणीनं डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपलं आणि दोन कप ठेवून बाकीचे फळीवर परत लावले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर समोरून हाक आली, तेव्हा देवकाबाई चप्पल घालूनच बसल्या होत्या.