उलट्या हाताची पारख

चामोर्शीत अब्बा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. चालू मोटारीला उलटा हात लावून बघत. फार तापली की म्हणत, ही करंट खाते.

टायपिंगच्या दुकानासाठी छोटा लॅपटॉप घ्यायला मी चंद्रपूरला गेले. दुकानदार वेगवान प्रोसेसरचंच कौतुक सांगत होता. मी दोन लॅपटॉपवर एकच सिनेमा लावला, थोड्या वेळानं दोन्हींना खालून उलटा हात लावला आणि कमी तापलेला घेतला.

"हा स्लो हाये, बाई."

"माही बोटं तरी कुठी येवढी पळतेत?"

बाजाराच्या दिवशी सकाळीच लाइट गेली. शेजारच्या दुकानातल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या दुपारपर्यंत संपल्या, माझं टायपिंग चालूच राहिलं. अब्बा आले, लॅपटॉपला उलटा हात लावला आणि शेजारी ताटकळलेल्या लोकांना म्हणाले, "इथीच थांबा. माह्या पोरीनं पारखून आणला हाये."