दाजींनी दिलेला पत्ता

तीस वर्षं एक्स-रे काढून निवृत्त झालेल्या त्या माणसाला त्याचा मेव्हणा 'दाजी' म्हणायचा, म्हणून सगळेच दाजी म्हणत. मेव्हणा दातांचा डॉक्टर आणि पक्षीमित्र मंडळाचा अध्यक्ष. त्याची लेन्स हातभर लांब. दाजींचा कॅमेरा कोटाच्या खिशात मावणारा, झूम मात्र चाळीसपट. पहिल्याच सहलीत मेव्हणा सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, या डबीत पक्षी मावतात की भाजी आणलीय?" सगळे खो खो हसले. दाजीही हसले.

बंद गिरणीमागच्या तळ्यापलीकडे दाजींना हळद्या पक्ष्याचं घरटं सापडलं, पानांच्या आडोशाला, बेचक्यात टांगलेलं. दाजी अलीकडच्या काठावरच बसत. पुरता झूम केला की चित्र थरथरायचं. मग हरभरे भरलेल्या उशीच्या खोळीवर कॅमेरा टेकवून ते सवयीने स्वतःलाच बजावत, "श्वास रोखा, हलू नका." अकराव्या दिवशी पानांच्या फटीतून तीन पिल्लं टिपता आली. फोटो जरा दाणेदार होता, पण पिल्लांना दाजींची चाहूलही लागली नव्हती.

फोटो पाहून मेव्हणा हसला नाही. "मानलं तुम्हाला, दाजी! कुठे आहे हे?"

एवढ्यावर दाजी पाघळले. त्यांनी नकाशाच काढून दिला.

रविवारी ते तळ्यावर गेले, तर पलीकडे मंडळाची आठ माणसं, शिडी, स्टँड. घरट्यावरची फांदी छाटलेली. पिल्लं भर उन्हात उघडी. दाजी धापा टाकत वळसा घालून पोचले.

"अहो, भाजतील ती!"

"दहा मिनिटं हो, दाजी. पानं मध्ये आली की फोटोची वाट लागते."

दाजींनी छत्री उघडली, तसं कुणीतरी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. "काका, फ्रेममध्ये येताय!" दहा मिनिटांचे तीन तास झाले. नर-मादी लांबून ओरडत राहिली, जवळ आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी घरट्याला मुंग्या लागल्या होत्या.

मेव्हण्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. पिल्लं मेल्याचा बोभाटा झाला, तेव्हा मंडळाने पत्र धाडलं: घरट्याचा पत्ता फोडल्याबद्दल दाजींचं सदस्यत्व रद्द. खाली अध्यक्षांची सही.

"पत्ता तुम्हीच दिलात ना?" बायको म्हणाली. "मग माझ्या भावाच्या नावाने खडे कशाला फोडता?"

दिला होता खरा दाजींनीच.

बक्षिसाच्या जेवणाला ते बायकोबरोबर गेले. मेव्हण्याने भिंतीवरचा फोटो दाखवून विचारलं, "कसा आलाय?"

"छान आलाय," दाजी म्हणाले, आणि पानावर बसले.