चुकीच्या गल्लीत सोडलेली कुत्री

मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. बाटल्यांना लेबलं लावायची, कुठली बाटली कुठल्या कपाटात ते ध्यानात ठेवायचं, हे रोजचं काम. म्हणूनच असेल, शहराबाहेरच्या प्राणी-मदत संस्थेत मी सुट्टीच्या दिवशी जायला लागले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पट्ट्यांचं काम माझ्याकडे दिलं. भटकी कुत्री पकडून आणायची, त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जखम भरली की जिथून आणलं तिथंच नेऊन सोडायचं. कुठून आणलं ते गळ्यातल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. कुत्रं काही पत्ता सांगत नाही.

त्या आठवड्यात दोन तांबूस कुत्र्या शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत होत्या. एक रेल्वे स्टेशनजवळच्या गल्लीतली, दुसरी मुकुंदवाडीची. मुकुंदवाडीची मीच मिळवली होती. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या एका मावशींच्या पोत्यावर ती झोपायची. दर वेळी पिलं व्हायची आणि त्यातली बरीचशी गाड्यांखाली जायची. तरी मावशी तिला द्यायला तयार नव्हत्या.

"न्याल आन् कुठंबी सोडून द्याल," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी स्वतः आणून देईन. माझा शब्द."

मग त्यांनीच तिला चुचकारत आमच्या पिंजऱ्यात बसवलं.

सोडायच्या आदल्या दिवशी पिंजरे धुताना दोघींच्या पट्ट्या भिजल्या. मी त्या काढून उन्हात टाकल्या आणि वाळल्यावर परत घातल्या. घालताना एकदासुद्धा थांबले नाही. कुठली पट्टी कुणाची याची मला खात्री होती.

सकाळी आम्ही आधी स्टेशनकडे गेलो. गाडीचं दार उघडल्यावर ती कुत्री उतरेचना. ड्रायव्हरभाईंनी हलकेच ढकललं तेव्हा खाली उतरली, शेपूट पोटात घालून माझ्याकडे बघत राहिली आणि मग एका उभ्या ट्रकखाली शिरली. मला ते खटकलं. पण कॉलेजला उशीर होत होता. घाबरली असेल, असं म्हणून मी दार लावून घेतलं.

मुकुंदवाडीत मावशी गाडी बघून उठल्याच. हातातली मेथीची जुडी तशीच. मी दुसरी कुत्री उतरवली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, ही आमची नाय."

"अहो, ऑपरेशन झालंय, म्हणून वेगळी वाटतेय," मी म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

"मला वळखू येत नाय व्हय? आमचीची शेपटी अशी वळती." त्यांनी बोट वाकवून दाखवलं. "आमची कुठंय?"

खाली उतरलेली कुत्री मावशींकडे गेलीच नाही. ती परत गाडीत चढायला बघत होती.

मी ड्रायव्हरभाईंकडे वळले. ते म्हणाले, "आपइच बोले ना मॅडम, वो स्टेशन की है बोलके." बोलले होतेच मी.

तिला घेऊन आम्ही उलटं स्टेशनकडे गेलो. आपली गल्ली दिसताच ती उडी मारून उतरली आणि मागं न बघता एका घराच्या पायरीवर जाऊन बसली. ट्रक मात्र गेला होता. त्याच्याखाली कुणी नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी कशी होते ते घरच्यांना विचारावं. सकाळी कॉलेजच्या आधी स्कूटीवर स्टेशनच्या मागच्या गल्ल्या, संध्याकाळी पुन्हा त्याच. परक्या गल्लीत आलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री काय करतात ते मला माहीत होतं. कुठं भुंकण्याचा कल्ला झाला की मी स्कूटी तिकडं वळवायचे. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मांडताना हात थांबायचा. जेवताना उठायचे. मुकुंदवाडीवरून जायची हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी एका इस्त्रीवाल्यानं सांगितलं, रुळांकडच्या भिंतीजवळ एक नवी तांबडी कुत्री दिसते. गेले. तीच होती. कान फाटलेला, मागचा पाय उचललेला. मी बिस्किट पुढं केलं. तिनं मला ओळखलं आणि पळत सुटली, थेट रस्त्यावर. एका सिटी बसनं करकचून ब्रेक मारला. ती वाचली आणि वळून पुन्हा भिंतीपलीकडे गेली. माझ्यापासूनच ती पळत होती. मी जितकं शोधणार तितकी ती गाड्यांखाली जाणार.

तशीच मुकुंदवाडीला गेले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी शेजारणीला दुकान बघायला सांगितलं, डब्यातली भाकरी पदरात बांधली आणि माझ्या मागं स्कूटीवर बसल्या. वाटेत एकच बोलल्या, "तीन दिस झाले. आदी का नाय आल्या?"

भिंतीजवळ पोचल्यावर त्यांनी मला लांब, टपरीआड उभं केलं. मला वाटलं, आता त्या यूऽ यूऽ करत हाका मारतील. त्या फुटपाथवर मांडी घालून बसल्या आणि खड्या आवाजात ओरडायला लागल्या, "मेथी घ्या, पालक घ्या, ताजी कोथमीर!" जवळ एक काडी नव्हती भाजीची. दोन बायका भाव विचारायला आल्या आणि भाजी कुठंय म्हणून वैतागून गेल्या. मावशी ओरडतच राहिल्या.

बऱ्याच वेळानं भिंतीच्या भगदाडातून एक तोंड बाहेर आलं. मग लंगडत, जवळजवळ सरपटत ती आली आणि मावशींच्या मांडीत घुसली. मावशींचं ओरडणं मध्येच तुटलं. "आले गं, आले," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मी टपरीआडून हलले नाही.

त्या दोघी रिक्षानं गेल्या, मी मागून. डॉक्टरांनी मावशींच्या दुकानावर येऊनच पाय बघितला. हाड मोडलं नव्हतं, चावा होता. तो भरला.

मावशी आता माझ्याशी बोलतात. पलीकडच्या गल्लीतली एक काळी कुत्रीही त्यांनीच दाखवली, तिला न्या म्हणाल्या. तांबडी मात्र माझी स्कूटी दिसली की उठून जाते.

हल्ली कुत्रं सोडल्यावर मी लगेच निघत नाही. दाराशी कुणी येतं का, कुणी 'आली का गं' म्हणतं का, ते बघत उभी राहते. ड्रायव्हरभाई हॉर्न वाजवतात. काही गल्ल्यांत कुणीच बाहेर येत नाही. कुत्रं इकडं तिकडं हुंगतं, चार पावलं जातं, थांबतं, आणि मलाही तिथून पाय काढता येत नाही.