अपेक्षित चौदा

भालेराव सर गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि मी डबा भरत होते. फोन त्यांच्या पत्नीचा, सुमनताईंचा होता. "पेपर वाचत बसले होते, तसेच गेले," एवढेच त्या म्हणाल्या. त्याला आता सहा आठवडे होतील. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते खरे लिहायचे तर... वही. आदल्याच रविवारी त्यांनी सांगितलेली एक दुरुस्ती मी अजून केली नव्हती.

नाशिकमधल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत आम्ही सोळा वर्षे शेजारच्या टेबलांवर बसलो. घरी सिलिंडर लावल्याची तारीख मी भिंतीवर लिहिते हे कळल्यापासून ते मला 'हिशेबनीस बाई' म्हणत. आमचे काम राउटरचे. आजूबाजूची नेटवर्कं आमच्या राउटरला सतत रस्ते कळवत असतात, आणि प्रत्येक रस्त्यासोबत तो कोणकोणत्या नेटवर्कांतून जातो त्यांच्या क्रमांकांची यादी येते. त्यातले कोणते रस्ते घ्यायचे, कोणते नाकारायचे, हे एका ओळीच्या नमुन्यात लिहावे लागते. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात त्याला. मला ते पुस्तकातून समजेना, तेव्हा सर मला जेवणाच्या सुट्टीत एसटी स्टँडवर घेऊन गेले. "पाट्या वाचा. या गाडीवर नुसतं येवला लिहिलंय, म्हणजे ही येवल्याला संपते. ही दुसरी... येवला, वैजापूर, संभाजीनगर. पहिलं नाव तेच, पण गाडी पुढे जाते. आपल्याला फक्त पहिली हवी, तर पाटी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, दोन्ही लिहायचं. सुरुवातीला टोपीची खूण, शेवटी डॉलरची."

"आणि शेवटची विसरले तर?"

"मग बसा संभाजीनगरला जाऊन."

त्यांचा एक नियम होता. असा नमुना, म्हणजे नवा फिल्टर, राउटरवर चढवण्याआधी त्यातून किती रस्ते आत येतील ते मोजून वहीत 'अपेक्षित' या रकान्यात लिहायचे आणि मगच एंटर दाबायचे. खरोखर आलेला आकडा शेजारच्या 'आले' या रकान्यात. दोन आकडे जुळले नाहीत तर फिल्टर मागे घ्यायचा. एंटरवर बोट गेले की शेजारून आवाज यायचा, "बाई, आकडा?"

नऊ वर्षांपूर्वी येवल्याचा एक छोटा इंटरनेट व्यावसायिक आमचा ग्राहक झाला. त्याने आपले अकरा रस्ते मेलवर कळवले होते. त्या दिवशी सर दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. मी मोजले नाही. फिल्टर चढवला, चौदा आले, आणि मी दोन्ही रकान्यांत चौदा लिहिले. नमुन्यात शेवटची खूण राहिली होती. ग्राहकाने चुकून त्याच्या दुसऱ्या पुरवठादाराचे तीन रस्तेही आमच्याकडे ढकलले होते आणि आमच्या राउटरने ते बिनतक्रार घेतले. शहरातली बरीच इंटरनेटची वाहतूक त्या येवल्याच्या बारीक लाइनवरून जायला लागली. नेट रखडले आणि तासाभरात ऑफिसचे सगळे फोन एकदम वाजू लागले. सर तोंडात कापूस धरून आले, दोन मिनिटांत ती खूण घातली आणि वही उघडली.

"चौदा कुठून आणलेत?"

"मोजले होते सर."

संध्याकाळी मालकांनी विचारले, हे तपासले कुणी होते? सर म्हणाले, "मी." त्या वर्षी त्यांची बढती राहिली. माझी नोकरी राहिली.

नऊ वर्षे मी ते बोलले नाही. त्या रविवारी इंदिरानगरला त्यांच्या घरी गेले आणि चहा यायच्या आतच सांगून टाकले, की ते चौदा मी नंतर लिहिले होते.

"माहीत आहे," सर म्हणाले. "कळवलेले अकरा असताना तुम्ही चौदा मोजाल? तुम्ही? मी वाट बघत होतो. जरा जास्तच वेळ लावलात."

मला रडू आले. ते बिस्किटांची बशी पुढे सरकवत म्हणाले, "मला सांगून भागणार नाही. वहीत दुरुस्त करा. उद्या कुणी ते पान वाचेल, त्याला वाटेल अपेक्षित चौदाच होते."

सोमवारी काम निघाले, मंगळवारीही. बुधवारी तो फोन आला.

तेराव्यानंतर ऑफिसला गेले आणि आधी ते पान काढले. चौदावर एक रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी लिहिले: 'मोजले नव्हते, नंतर लिहिले. अकरा हवे होते. तपासणारे सर त्या वेळी ऑफिसात नव्हते.' खाली माझी सही आणि त्या दिवसाची तारीख. मालकांना नेऊन दाखवले. त्यांनी दोनदा वाचले आणि वही मिटून परत दिली.

काल नव्या ग्राहकाचा फिल्टर चढवायचा होता. अपेक्षितमध्ये नऊ लिहिले. बोट एंटरवर ठेवले आणि सवयीने थांबले... शेजारच्या टेबलावर आता प्रिंटर आहे. एंटर दाबले. आले दहा. मी फिल्टर मागे घेतला आणि ग्राहकाला फोन लावला. वहीत दोन्ही आकडे तसेच आहेत, नऊ आणि दहा.