न परतलेल्याचं मडकं

संग्रहालयात काचेआड एक फुटकं मडकं आहे आणि शेजारी त्यातली तांब्याची नाणी, शेत नांगरताना सापडलेली. काहींवरचा राजा हातोहात फिरून पार पुसून गेलाय. पैसा किती फिरला, हे अभ्यासक त्या झिजेवरूनच ओळखतात.

माझ्या शेजारी एक सून सासूला म्हणाली, "अहो आई, केवढं धन!"

"पुरणारा परतला नाही, म्हणून उरलं गं."

खरंच की. जे परतले त्यांनी मडकं उकरलं, बैल घेतला, लेकीचं लग्न लावलं. त्यांचा पैसा बाजारात गेला आणि इतिहासाच्या हाती लागलाच नाही. मला तेच लोक आवडतात.

बाहेर येताच सासूबाईंनी कनवटीची नोट काढली. सुनेला म्हणाल्या, "चल, भेळ खाऊ."