वाटीएवढं पोट

किस्से कुणी गोळा करत नाही. ते आग्रहाच्या पंगतीतल्या भातासारखे येतात. तुम्ही पानावर हात आडवा धरून "नको, नको" म्हणत असता, आणि वाढणारा बोटांच्या फटीतून टाकून पुढे गेलेला असतो! कर्जतच्या आमच्या ऑफिसात माझ्या एकट्याच्या पोटाने इतके किस्से जमवले, की बाकीच्यांचे ऐकायला वेळच उरत नाही.

ऑफिस म्हणजे भातगिरणीच्या मागची एक खोली. आत दोन बाकं, बाहेर कोंड्याचा ढीग. संस्थेचं काम कर्जत-खालापूरच्या गावांत आणि डोंगरातल्या वाड्यांवर: बालवाड्या, प्रौढांचे वर्ग, दारूबंदी. प्रमुख साळवी गुरुजी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. जीप चालवायला दत्तू, इथल्याच मातीतला. आणि मी. रेल्वेतल्या फिटरचा मुलगा, स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकून "आपल्या माणसांत काम करायचं" असं छातीठोकपणे ठरवून परत आलेला.

अमेरिकेत मला दोन गोष्टी मिळाल्या, डिग्री आणि वजन. वजन एवढं वाढलं की लायब्ररीचा जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागे. शेवटी तिथल्या एका सर्जनने माझं पोट उघडलं आणि आतल्या जठराला आडव्या पिना मारून वरचा एवढासा भाग वेगळा केला. वापरायला उरलं ते वाटीएवढं पोट! त्याने बजावलं होतं, थोडं खा, बारीक चाव, भरल्यासारखं वाटताच थांब. नाही थांबलास तर सगळं उलटून पडेल.

वजन उतरलं. पण माझी भूक पोटात नव्हतीच, ती जिभेवर होती. तिला पिना कोण मारणार?

घरी आल्यावर आईने पोटावरचा व्रण पाहिला. सगळी हकिगत ऐकून घेतली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "लोक पोट भरायला परदेशी जातात. तू पोट तिथं ठेवून आलास!"

* * *

कामाच्या पहिल्याच दिवशी गुरुजींनी माझ्या स्वागताला स्टेशनवरचे वडे मागवले. गरम, वर लसणीची सुकी चटणी. मी एक खाल्ला. वाटी भरली होती. पण तिकडे बर्फात खिडकीशी बसून मी ज्याची आठवण काढायचो, तो हाच वडा! दुसरा उचलला. त्याच्या अर्ध्यावर छातीत दगड अडकल्यासारखं झालं, तोंडात लाळ दाटली आणि मी कोंड्याच्या ढिगामागे धाव घेतली.

दत्तू तांब्या घेऊन मागोमाग आला. माझी चूळ भरून होईपर्यंत उभा राहिला. मग आत जाऊन त्याने रिपोर्ट दिला, "गुरुजी, सायबाचं जेवन रिटर्न तिकीट काडून जातं!"

तेव्हापासून मी कुठूनही जेवून आलो की गुरुजी चष्म्यावरून बघत विचारायचे, "सिंगल की रिटर्न?"

* * *

दारूबंदीवर मी फार तळमळीने बोलायचो. एका गावात देवळापुढे सभा होती. सभेआधी सरपंचांकडे जेवण झालं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, आणि वर "आमच्या घरचं हाय, घ्या" म्हणत आणखी भात. मी घेतला.

सभेत उभा राहिलो आणि दारूने घरं कशी धुळीला मिळतात ते सांगू लागलो. आवाज चढत गेला. "दारू माणसाला माणूस ठेवत नाही!" असं म्हणालो आणि तोंडावर हात दाबून देवळामागे पळालो.

तिथे गावातला नावाजलेला पिणारा, तुकाराम, पिंपळाला टेकून बसला होता. तो उठला. एका हाताने माझं कपाळ धरलं, दुसऱ्या हाताने पाठ चोळली. इतक्या मायेने माझी पाठ आईनेही चोळली नव्हती. मग कानाशी येऊन म्हणाला, "सुरुवातीला असंच हुतं रं बाला. लिंबू चाट. सवय हुईल."

मी सभेत परत जाऊन खुलासा करू लागलो तर गुरुजींनी शर्ट ओढून मला खाली बसवलं. पुढच्या सभेला देवळाचा ओटा पुरला नाही! नेहमी लांब राहणारे सगळे पिणारे पुढच्या रांगेत. दत्तूने आतली खबर आणली. गावात बोलणं झालं होतं, "आतापर्यंत येत ते नुसते पुस्तकं वाचून येत. ह्यो अनुभवी मानूस हाय!"

* * *

माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीत आमची बालवाडी बुधीबाय चालवायची. ठाकर आदिवासींची वाडी, पंधरावीस घरं. पहिल्या पावसानंतर तिने करटोल्यांची भाजी केली होती आणि नाचणीची भाकर. अशी भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. पुढचं सांगायला नको.

वाडीला काळजी लागली. भगताला बोलावलं. आदल्याच आठवड्यात मी त्याच अंगणात भूतखेत सगळं खोटं असतं यावर भाषण दिलं होतं, आणि ते भगताने पुढे बसून ऐकलंही होतं. आता तो माझ्यासमोर सूप घेऊन बसला, तांदूळ टाकले, पुन्हा टाकले, डोकं खाजवलं.

"इकडचं नाय," तो म्हणाला. "तिकडनं संगती आलंय. मी बोलतो तं त्याला कळंना. तुमीच त्याच्याशी विंग्रजीत बोला."

सगळी वाडी श्वास रोखून बघत होती. मी काय करणार? डोळे मिटून पोटाला उद्देशून इंग्रजीत दोन वाक्यं बोललो.

"काय म्हनतं?" भगताने विचारलं.

मी म्हणालो, "म्हणतं, कमी जेव."

भगताने तांदूळ गोळा केले, सूप काखेत मारलं आणि उठला. "शानं भूत हाय. ऱ्हाऊ द्या त्याला!"

* * *

हसण्यावारी नेता येईना तेव्हा मला डॉक्टरकडे नेलं. वाडीची चढण चढताना मी दोनदा डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, अंगाला काहीच लागत नाहीये, असंच चाललं तर माणूस अंथरूण धरील. गुरुजींनी त्याच दिवशी फर्मान काढलं. दिवाळीपर्यंत उलट्या थांबल्या नाहीत, तर गावात फिरणं बंद. मुंबईच्या ऑफिसात टाइपरायटरपुढे बसायचं.

मी सातासमुद्रापलीकडून आलो होतो तो टाइपरायटरपुढे बसायला नाही. मी गुरुजींशी भांडलो. म्हणालो, "गुरुजी, घरात पान मांडल्यावर नाही कसं म्हणू?"

आणि ते खरंही होतं. मी पाळण्यात असताना आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला. बाबा सांगायचे, आपल्याला किती उंबरे बंद होते ते मला माहीत आहे. आता कुणी आत बोलावून पान मांडलं, तर अर्ध्यावर उठायचं नाही. त्यांना वाटेल, आता आपणच त्यांना लांब ठेवतोय. म्हणून मी मराठ्यांच्या घरी, आगऱ्यांच्या घरी, ब्राह्मणांच्या घरी पान चाटूनपुसून स्वच्छ करत होतो. आणि स्वच्छ पान दिसलं की यजमान पुन्हा वाढत होते!

हे सगळं मी गुरुजींना सांगितलं.  गुरुजी म्हणाले, "पटलं. पण परवा जोशांकडे तू तीनदा बासुंदी मागून घेतलीस. समता तर पहिल्याच वाटीत आली होती!"

* * *

यावर दत्तूने उपाय काढला. मी आत जेवायला बसलो की तो बाहेर जीपमध्ये बसणार, आणि ठरल्या वेळी हॉर्न देणार. मी लगबगीने उठून म्हणायचं, "मीटिंग आहे!" कुणाचा अपमान नाही, कुणाला वाईट नाही.

पहिल्या काही गावांत उपाय नामी चालला. मग गावांना तो कळला. चौक गावाच्या बाजूला एका घरी हॉर्न वाजताच घरधनीण स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "हॉर्न झाला गं! पळा! भात टाका त्याच्या पानात, चालला तो!"

परतीच्या वाटेवर दत्तूला दोनदा जीप थांबवावी लागली. दुसऱ्यांदा तांब्या पुढे करत म्हणाला, "सायेब, गाडी हाय म्हनून एवडी गावं, एवडी जेवनं. बैलगाडी असती तं तुमी घरीच जेवला असता."

* * *

मला सांभाळलं ते बुधीबायने. हे मी कुणालाही, कुठेही सांगेन.

एकदा दुपारी तिच्या ओट्यावर मी माझ्या पोटाची सगळी गोष्ट सांगितली, पिनांसकट. तिने कंद सोलता सोलता ऐकली. मग विचारलं, "म्हंजे पोट नवं हाय?"

"तसंच म्हण."

"किती दिसांचं?"

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष."

"मंग ते पोर हाय अजून," ती म्हणाली. "तू त्याला बाप्यासारखं जेववतोस. उलटंल नायतर काय करंल?"

दुसऱ्या दिवसापासून तिने मला मोठ्यांच्या पंगतीतून उठवलं आणि बालवाडीच्या रांगेत बसवलं. मुलांएवढा द्रोण, मुलांएवढी मऊ पेज, आणि मुलांना असायचा तोच नियम: तोंडातला घास गिळल्याशिवाय हात द्रोणात घालायचा नाही. बाजूला बसलेली चिंगी माझ्यावर डोळा ठेवून असायची. मी घाई केली की ती खणखणीत आवाजात चुगली करायची, "बाय गं, सर चावत नाय!"

अमेरिकेच्या सर्जनने सांगितलं होतं तेही हेच. पण त्याने चिंगीला नेमलं नव्हतं ना!

पेज आत राहू लागली. मग भाकरीचा कुस्करा राहू लागला. चढण बसल्याशिवाय चढू लागलो. अधूनमधून जीभ जिंकायची, अजूनही जिंकते, पण दिवाळी आली तेव्हा गुरुजींनी मुंबईचं नाव काढलं नाही. फराळाच्या ताटातली अर्धी करंजी त्यांनी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "सिंगल."

इतक्या माणसांनी मला भरवलं, आणि इतक्या माणसांनी माझं उलटलेलं धुतलं, की कुणाचं काय देणं लागतो ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

* * *

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. खालापूरकडच्या माझ्या आजोबांच्या गावचे पाटील आमच्या बालवाडीचे आधार. त्यांच्या मुलीच्या लग्नाला त्यांनी मला बोलावलं, आणि "वडलांना घेऊन ये, इसरू नको" असं दोनदा सांगितलं.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले.  गावाच्या वेशीशी एवढंच म्हणाले, की या घरच्या पंगती उठल्यावर तुझे आजोबा मागल्या दाराशी टोपली घेऊन उभे राहायचे. उरलंसुरलं न्यायला.

मांडवात आम्हाला मधल्या रांगेत बसवलं. शेजारी पाटलांचे भाऊबंद. पत्रावळीवर भात, वरण, बटाट्याची भाजी, बुंदीचे लाडू. मी चिंगीला आठवून एकेक घास चावत होतो. भात थोडा संपला, भाजी संपली, लाडू अर्धा खाल्ला, आणि वाटी भरली. ओळखीचा दगड छातीत येऊन बसला. पानात अर्धा उष्टा लाडू, आणि लाडवांची परात घेऊन वाढपी दोन पानांवर आलेला.

मी बाबांकडे बघितलं. बाबा समोर बघत जेवत होते, पानात एक शीतही न ठेवता.

तेवढ्यात काठी टेकत पाटलांची आई आली. ऐंशीच्या पुढची म्हातारी, सगळा गाव तिला मोठी आई म्हणायचा. पंगतीवर नजर ठेवायला ती रांगेतून फिरत होती. पूर्वी तिच्या सोवळ्याचा धाक एवढा, की तिची सावली बघून लोक बाजूला व्हायचे. ती माझ्यासमोर थांबली.

"बारक्या पोटाचा तूच का रं?"

"हो, मोठी आई."

"ह्यो जातोय का आत?" तिने काठीने लाडू दाखवला.

 मी नाही म्हणून मान हलवली.

वाढप्याने परात पुढे केली. म्हातारीने काठी आडवी घालून ती अडवली. मग हळूहळू, गुडघ्यावर हात देत खाली बसली, माझ्या पानातला अर्धा लाडू उचलला आणि तोंडात टाकला. रांगेतले हात होते तिथे थांबले. पाटील लांबून "आई!" म्हणाले. ती बोळक्या तोंडाने सावकाश चावत राहिली.

"याचं झालं," ती वाढप्याला म्हणाली. "तू काय बगतोस? फुडं चल."

मग तिला ठसका लागला. तिने बाबांकडे हात केला.

"लाडू कोरडे केल्यान मेल्यांनी! तुज्या फुल्यातलं पानी दे रं."

बाबांनी आपलं अर्धं प्यायलेलं फुलपात्र तिच्या हातात दिलं. तिने तोंड लावून ते रिकामं केलं.